उष्ण हवामानातलं घर: फिनिश आणि झाडांची निवड

उष्ण हवामानात घराला कुठला रंग, कुठला गिलावा, कुठली फरशी आणि भोवती कुठली झाडं, हे खरं तर एकाच बैठकीत ठरवायचं काम आहे. पण बहुतेक वेळा आधी घर रंगवून मोकळे होतात आणि मग उरलेल्या जागेत झाडं कोंबतात. भिंत किती तापणार हे रंगाइतकंच तिच्यावर सावली आहे की नाही यावर ठरतं, आणि झाड तगणार की करपणार हे मागची भिंत किती ऊन त्याच्या अंगावर परत फेकते यावरही.

सगळ्यात जास्त ऊन खाते ती गच्ची, म्हणून पैसे कमी असतील तर आधी तिथेच खर्च करावेत. ताजा पांढरा रंग साधारण ८० टक्के ऊन परतवतो, काळपट पृष्ठभाग जेमतेम ५ ते १० टक्के. गडद छप्पर कडक उन्हात ६५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं, त्याच उन्हात परावर्तक छप्पर त्याच्यापेक्षा २८ अंशांनी किंवा आणखी थंड राहू शकतं. हे मोजायला एसआरआय नावाचा आकडा वापरतात, त्यात ठरवून दिलेला काळा पृष्ठभाग ० आणि पांढरा १००, आणि रंगाच्या डब्यावर 'कूल' लिहिलंय एवढ्यावर न भुलता हा आकडा बघावा. चकचकीत पत्र्याची गंमत वेगळीच, तो ऊन बऱ्यापैकी परतवतो पण जी उष्णता आत शिरते ती लवकर सोडत नाही, म्हणून दिसायला चांदीसारखा असूनही हात लावला तर चटका बसतो. पांढऱ्या गच्चीवर धूळ आणि शेवाळ बसलं की तिचा गुण कमी होत जातो, तेव्हा अधूनमधून ती धुणं हा त्या रंगाचाच भाग समजायचा.

पांढरा आवडत नसेल तर? सूर्याच्या उष्णतेतला साधारण अर्धा भाग डोळ्याला न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त किरणांचा असतो, आणि काही खास रंगद्रव्यं तेवढा भाग परतवतात, त्यामुळे विटकरी किंवा राखाडी रंगही साध्या तशाच रंगापेक्षा कमी तापतो. पांढऱ्याची बरोबरी मात्र होत नाही.

भिंतींच्या बाबतीत चुन्याला अजून तोड नाही, निदान जुन्या, ओल धरणाऱ्या भिंतींसाठी. चुन्याचा हात हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगडासारखा घट्ट होतो आणि भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो. भिंत आधी ओली करून पातळ पातळ तीन-चार हात द्यायचे, भर उन्हात दिले तर चुना झटकन वाळतो आणि नंतर बोट फिरवलं की पांढरी भुकटी येते. अ‍ॅक्रिलिक (प्लॅस्टिकसारखा थर धरणाऱ्या) रंगावर चुना धरत नाही. याच्या उलट चूकही सर्रास होते, ओल असलेल्या भिंतीवर रबरासारखा वॉटरप्रूफ रंग मारतात, मग आतलं पाणी कोंडतं, रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि खाली लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, दिसतो. आधी ओल कुठून येते ते शोधा, मग ब्रश हातात घ्या.

ही ओल अनेकदा बागेतूनच येते. भिंतीला टेकून वाफा केला, रोज पाणी घातलं, की जमिनीलगतचा फूटभर पट्टा कायम दमट राहतो, पावसात चिखल उडून तो तांबडा होतो, आणि वाळवीला लाकडापर्यंत जायला झाकलेली वाट मिळते. भिंतीपासून दीड-दोन फूट जागा मोकळी सोडून तिथे खडी पसरली तर यातलं बरंचसं टळतं. खर्चाच्या मानाने एवढा उपयोगी फिनिश दुसरा नाही.

फरशीचं थोडक्यात: घरात दगड किंवा टाइल्स पायाला गार लागतात, पण बाहेर गडद पॉलिश ग्रॅनाइट लावला तर दुपारी अनवाणी उभं राहवत नाही आणि पावसात घसरायला होतं. बाहेर फिकट आणि खरखरीत बरी.

झाडं निवडताना आधी दिशा बघावी. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, छज्जा कितीही काढला तरी त्याच्या खालून आत घुसतं, तेव्हा तिथे उभी सावली हवी, म्हणजे झाड नाहीतर जाळीवर चढवलेला वेल. जाळी भिंतीपासून वीतभर लांब ठेवावी, मधून हवा खेळते आणि पुढे रंगकाम करता येतं. स्वतःच भिंतीला चिकटणारे वेल दिसतात छान, पण काढताना सोबत रंग आणि कधी गिलावाही घेऊन येतात. पांढऱ्या पश्चिम भिंतीसमोर नाजूक पानांचं झाड लावू नये, समोरून आणि मागून दोन्हीकडून भाजतं. तिथे बोगनवेल खुशाल लावावी. तिचे रंगीत भाग म्हणजे फुलं नसून पानं असतात, आणि पाणी जरा तोडलं की ती जास्त बहरते, लाडाने रोज पाणी घालणाऱ्यांकडे नुसता पाला वाढतो.

कण्हेरही अशीच चिवट, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, लहान मुलं किंवा जनावरं असतील तर विचार करून. चाफा, सदाफुली, कोरफड कमी पाण्यात निभावतात. कोरफडीसारखी झाडं पानांची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाणी कमी उडतं. वड-पिंपळ घरापासून लांबच बरे, आणि भिंतीच्या फटीत पिंपळाचं रोप दिसलं तर दोन पानांवर असतानाच उपटावं. ताडामाडाची मुळं फार जाड होत नाहीत, त्यामुळे पायाला धोका कमी, पण सावलीही बेताचीच.

झाडांमुळे हवा गार होते ती सावलीने आणि पानांतून उडणाऱ्या पाण्याने, एक लिटर पाणी उडायला साधारण ०.६७ युनिट विजेएवढी उष्णता लागते. कोरड्या हवेत हा फायदा भरपूर. दमट हवेत पाणी उडायलाच तयार नसतं, तिथे वाऱ्याला जास्त किंमत, म्हणून खिडकीसमोर दाट झुडपांची भिंत करण्यापेक्षा खोड उंच आणि शेंडा पसरट असं झाड हवं. लॉनचा हट्ट असेलच तर हरळीच्या जातीचं गवत घ्यावं, ते कडक ऊन सोसतं.

घरातल्या कुंड्यांनी हवा शुद्ध होते हा समज नासाच्या १९८९ सालच्या प्रयोगावरून पसरला, पण तो प्रयोग छोट्या बंद पेट्यांत केला होता. २०१९ साली आलेल्या एका आढाव्यात हिशोब मांडला तर साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतात असं निघालं. कुंड्या शोभेसाठी जरूर ठेवाव्यात, हवेसाठी खिडकी उघडावी.