ऑटोएफएस : दोष आणि दुरुस्त्या

दुसऱ्या संगणकावरचे फोल्डर कोणी उघडायला गेले की ते आपोआप जोडून देणारी आणि काही वेळ कोणी फिरकले नाही की पुन्हा सोडवणारी लिनक्स या संगणक-प्रणालीतील व्यवस्था. फोल्डर नेटवर्कवरून वापरण्याची एनएफएस पद्धत सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणली. ऑटोएफएसचा सर्वाधिक वापर तिच्यासाठीच होतो. या व्यवस्थेचे दोन भाग आहेत. कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला भाग फोल्डर मागणाऱ्या प्रोग्रॅमला दारातच थांबवतो. ऑटोमाउंट हा पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम प्रत्यक्ष जोडणी करतो. दोघांचा निरोप एका पाइपमधून, म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे माहिती नेणाऱ्या वाटेने जातो आणि सर्वांत चिवट दोष या देवाणघेवाणीतच निघाले आहेत.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातले एखादे डीटीपी कार्यालय धरू. मराठी-गुजराती लग्नपत्रिकांच्या सगळ्या फायली एका सर्व्हरवर, काम चार-पाच संगणकांवर. लाईट जाऊन आली की संगणक लवकर सुरू होतात, सर्व्हर मागाहून. मधल्या वेळात कोणी फोल्डर उघडले की जोडणी फसते आणि ऑटोमाउंट ते अपयश साधारण ६० सेकंद लक्षात ठेवतो. त्या मिनिटात सर्व्हर जागा झाला तरी उत्तर येते, ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’. ऐन लग्नसराईत हे वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण फायली जागच्या जागी असतात. हा दोष नव्हे. बंद सर्व्हरला सतत हाका मारत सगळे काम रखडू नये म्हणून केलेली ती सोय आहे आणि तिचा कालावधी सेटिंगमधून बदलता येतो.

काम चालू असताना सर्व्हर बंद पडला तर गोष्ट वेगळी. एनएफएसची नेहमीची ‘हार्ड’ जोडणी उत्तर येईपर्यंत थांबून राहते, त्यामुळे खिडकी गोठते. ‘सॉफ्ट’ जोडणी ठरावीक प्रयत्नांनंतर चूक कळवून मोकळी होते. पण लिहिणे अर्धवट राहून फाइल खराब होण्याचा धोका असतो, म्हणून पत्रिकेसारख्या कामाला ती घेऊ नये. कर्नलच्या २.६.२५ या आवृत्तीपासून अडकलेला प्रोग्रॅम निदान सक्तीने बंद करता येतो.

सोडवणुकीच्या क्षणी होणारी शर्यत हा दोषांचा आणखी एक नेहमीचा प्रकार. जोडणी विनावापर आहे असे ठरून ती काढली जात असतानाच दुसरा प्रोग्रॅम आत शिरला, तर त्याला जोडणीखालचे मूळचे रिकामे फोल्डर दिसते. यावर उपाय असा, की कर्नल आधी त्या फोल्डरवर खूण करतो; नंतर येणारा सोडवणूक पुरी होईपर्यंत थांबतो आणि मग जोडणी नव्याने होते.

२०१२ मधले प्रकरण मात्र मुळातून समजून घेण्यासारखे आहे. पाइपमधून जाणारे पॅकेट, म्हणजे निरोपाचा एक गठ्ठा, ३२ बिटच्या प्रोग्रॅमच्या हिशेबाने ३०० बाइटचे, तर ६४ बिटच्या कर्नलच्या हिशेबाने ३०४ बाइटचे होते. मजकूर तोच, शेवटी चार बाइट भरीचे. संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणारा सिस्टिमडी हा प्रोग्रॅम ३२ बिटचा असून ६४ बिटच्या कर्नलवर चालवला की या चार बाइटांनी पुढचे वाचन बिघडे. कर्नलने अशा प्रोग्रॅमना ३०० बाइट पाठवायला सुरुवात केली. सिस्टिमडीचे भागले, पण ऑटोमाउंट अडकला! कारण त्याने ही विसंगती ओळखून स्वतःपुरता तोडगा आधीच काढला होता आणि तो ३०४ बाइटांची वाट पाहत बसला. म्हणजे दुरुस्ती तर्काने बरोबर असूनही व्यवहारात चूक ठरली. चालता प्रोग्रॅम कर्नलने मोडायचा नाही, हा लिनक्सचा दंडक आहे. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी ती दुरुस्ती मागे घेऊन पाइपचीच रीत बदलली. आता एका वाचनात एकच पॅकेट मिळते आणि कमी मागितले तर उरलेले बाइट टाकून दिले जातात. त्यामुळे ३०० मागणारा आणि ३०४ मागणारा, दोघांचेही भागते. ३.४ या कर्नलपासून अशी पॅकेटवार पाइप इतर प्रोग्रॅमनाही वापरता येते.