स्कोल आणि हाटी

स्कोल आणि हाटी : नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियन) पुराणकथांतील दोन लांडगे. ते आकाशात सूर्याचा व चंद्राचा पाठलाग करतात आणि रॅग्नारॉक म्हणजे जगाच्या अंतकाळी त्यांना गिळतात, अशी कथा आहे. एका लांडग्याकडे सूर्य आणि दुसऱ्याकडे चंद्र अशी जी वाटणी सर्वत्र वाचायला मिळते, ती स्नॉरी स्टर्लसन (११७९–१२४१) ह्या आइसलँडिक सरदार-पंडिताने सु. १२२० मध्ये रचलेल्या गद्य एड्डा ह्या पुराणकथा-ग्रंथातून रूढ झाली. काव्य-एड्डा ह्या जुन्या नॉर्स काव्यांच्या संग्रहातील रचनांत मात्र कोणता लांडगा कोणामागे धावतो आणि शेवटी घास कोण घेतो, ह्याविषयी एकवाक्यता नाही. काव्य-एड्डाचे मुख्य हस्तलिखित (कोडेक्स रेगियस) सु. १२७० चे, म्हणजे स्नॉरीच्या मृत्यूनंतरचे आहे. त्यातील काही काव्ये त्याहून बरीच जुनी असावीत असे सर्वसाधारणपणे मानतात. किती जुनी, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे.

मराठी वाचकाने एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. नॉर्स भाषेत सूर्य (सोल) स्त्रीलिंगी आणि चंद्र (मानी) पुल्लिंगी आहे. सोल ही बहीण आणि मानी हा भाऊ; मुंडिलफारी हा त्यांचा बाप. स्नॉरीच्या सांगण्याप्रमाणे मुले फार देखणी निघाली म्हणून बापाने त्यांना चंद्र-सूर्याची नावे ठेवली. हा गर्व देवांना खपला नाही. त्यांनी दोघांना उचलून आकाशात कामाला जुंपले. सोल आर्वाक (‘लवकर उठणारा’) आणि आल्स्विद (‘अतिवेगवान’) ह्या घोड्यांचा रथ हाकते. घोडे पोळू नयेत म्हणून देवांनी त्यांच्या खांद्यांखाली गारवा देणारे भाते बसवले आहेत. सूर्यापुढे स्वालिन नावाची ढाल उभी असते. ती गळून पडली तर डोंगर आणि समुद्र जळून जातील, असे काव्य-एड्डातील ‘ग्रिम्निस्माल’ ह्या काव्यात म्हटले आहे. सूर्याच्या घोड्याची कल्पना ह्या भूप्रदेशात फार जुनी आहे. डेन्मार्कमधील ट्रुंडहोम येथील दलदलीत १९०२ मध्ये सापडलेला कांस्ययुगीन सूर्यरथ साधारणपणे इ. स. पू. १४०० च्या सुमाराचा मानतात. त्यात एक घोडा सोन्याचा पत्रा मढवलेली तबकडी ओढताना दिसतो. लांडगा त्यावर नाही.

लांडग्यांचा सर्वांत महत्त्वाचा उल्लेख ‘ग्रिम्निस्माल’च्या ३९ व्या कडव्यात आहे. स्कोल नावाचा लांडगा तेजस्वी मुखाच्या देवतेच्या मागे ‘रक्षक रानापर्यंत’ जातो आणि दुसरा, ह्रोद्विट्निरचा मुलगा हाटी, ‘आकाशाच्या उजळ वधूच्या’ पुढे धावतो, एवढाच त्याचा आशय. चार ओळींच्या ह्या मजकुरातील जवळजवळ प्रत्येक शब्दावर वाद झाला आहे. ‘रक्षक रान’ म्हणजे सूर्य मावळताना ज्याच्या आड जातो ती पश्चिमेची झाडी, असा एक अर्थ लावतात. काही संपादकांना मूळ शब्द ‘यार्नविद’ (लोखंडी रान) असावा असे वाटले आणि काही भाषांतरांत तसे छापलेही गेले. हस्तलिखितातील पाठ जसाच्या तसा अर्थपूर्ण असताना ही दुरुस्ती आवश्यक वाटत नाही. ‘देवता’ हा शब्द मुळात नपुंसकलिंगी असल्याने तो सूर्याला लागू करावा की चंद्राला, हे केवळ व्याकरणावरून ठरत नाही. ‘आकाशाची वधू’ म्हटल्यावर आपल्याकडील वाचकाला उषा आठवेल. नॉर्स संदर्भात ती सोलच, कारण चंद्र तेथे पुरुष आहे. तेव्हा कडव्याचा सरळ अर्थ असा लागतो की दोन्ही लांडगे सूर्याचेच : एक मागे, एक पुढे. चंद्राचा येथे उल्लेखच नाही.

‘हाटी’ ह्या नावाचा अर्थ ‘द्वेष करणारा, वैरी’ असा बहुतेकांना मान्य आहे. एका एड्डा-काव्यात ह्याच नावाचा एक राक्षसही येतो. त्याचा लांडग्याशी संबंध जोडण्यास आधार नाही. ‘स्कोल’चा अर्थ कोणी ‘दगा’ तर कोणी ‘उपहास’ असा करतात. ह्रोद्विट्निर (‘विख्यात लांडगा’) हे फेन्रिर ह्या महावृकाचे दुसरे नाव समजले जाते. ‘लोकासेना’ ह्या काव्यात टूर हा देव आपला हात गमावल्याचा उल्लेख करतो, तेथे त्याचेच किंचित वेगळे रूप फेन्रिरसाठी आले आहे. ही ओळख धरली तर हाटी हा फेन्रिरचा मुलगा ठरतो. स्कोलचा बाप कोण, हे काव्य सांगत नाही. त्यालाही फेन्रिरचा मुलगा म्हणणे हे अनुमान आहे.

स्नॉरीने हीच सामग्री गद्य एड्डाच्या ‘गिल्फागिनिंग’ ह्या भागात संवादरूपाने मांडली. प्रश्न विचारणारा गांगलेरी म्हणतो की सूर्य फार घाईने जाते, जणू घाबरली आहे. मरणाच्या भीतीनेही तिला ह्याहून वेगाने जाता येणार नाही. उत्तर मिळते : त्यात नवल काय? पाठलाग करणारा जवळ आला आहे, पळण्यावाचून तिला गत्यंतर नाही. मग दोन लांडग्यांची नावे येतात. स्कोल तिच्या मागे आहे, तिला त्याची धास्ती आहे आणि तो तिला गाठणार आहे. हाटी तिच्या पुढे धावतो आणि त्याला चंद्र पकडायचा आहे. ह्या शेवटच्या वाक्यात सांधा उघडा पडतो. हाटी ‘सूर्याच्या पुढे’ धावतो हे स्नॉरीने कडव्यातून जसेच्या तसे घेतले. पण पुढे धावणारा लांडगा पाठलाग कोणाचा करणार, हा प्रश्न उरला आणि त्याने त्याला चंद्र दिला. हा तर्क स्नॉरीचा स्वतःचा की त्याला दुसरी एखादी परंपरा ठाऊक होती, हे निश्चित सांगता येत नाही; पहिली शक्यता अधिक सयुक्तिक वाटते. तिला एक पुष्टीही आहे. ‘हेर्वारर सागा’ ह्या गाथेच्या काही हस्तलिखितांत कोड्यांची एक मालिका येते. त्यातील एका कोड्याचे उत्तर ‘सूर्य’ असे आहे आणि उत्तरात म्हटले आहे की स्काल्ली व हाट्टी नावाचे दोन लांडगे असून त्यांतील एक सूर्याच्या पुढे आणि दुसरा मागे चालतो. हस्तलिखिते उशिराची असली तरी चंद्राविना असलेली जोडी तेथे टिकून राहिली आहे.

चंद्राच्या भक्षकाचा शोध ‘व्होलुस्पा’ (भविष्यवादिनीचे कथन) ह्या काव्यात घ्यावा लागतो. पूर्वेकडे लोखंडी रानात एक म्हातारी बसली आहे आणि ती फेन्रिरची पिलावळ वाढवते. त्या सर्वांतला एक राक्षसरूपात ‘टुंगल’चा ‘ट्युगारी’ होईल. तो मरू घातलेल्या माणसांच्या प्राणांवर पोसतो, देवांची घरे लाल रक्ताने माखतो. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत सूर्यप्रकाश काळा पडतो आणि हवामान कपटी होते. ‘टुंगल’चा आजच्या आइसलँडिकमध्ये अर्थ चंद्र. जुन्या काव्यभाषेत मात्र तो कोणत्याही आकाशस्थ ज्योतीला लावता येई. गॉथिक व जुन्या इंग्रजीतील त्याचे भाऊबंद शब्द ‘तारा’ ह्या अर्थाचे आहेत. पुढच्याच कडव्यात सूर्यप्रकाश काळवंडतो, हे पाहता येथेही सूर्यच अभिप्रेत असणे शक्य आहे. ‘ट्युगारी’ हा शब्द तर दुर्मिळच. कोणी त्याचा संबंध गवत उपसण्याच्या दाताळ्याशी लावून ‘भोसकणारा’ असा अर्थ करतात, तर कोणी ‘ओढणे’ ह्या अर्थाच्या धातूवरून ‘हिसकावून नेणारा’ असा. दुसरा अर्थ संदर्भाला अधिक जुळतो. स्नॉरीने ही कडवी उद्धृत करून त्या प्राण्याला ‘मानागार्म’ (चंद्राचा कुत्रा) असे नाव दिले. हाटी आणि मानागार्म एकच, असे अनेक लोकप्रिय पुस्तकांत सांगितले जाते. स्नॉरीने तसे म्हटलेले नाही.

‘वाफ्थ्रूद्निस्माल’ ह्या प्रश्नोत्तरी काव्यात आणखी तिसरेच. तेथे देवांचा प्रमुख ओडिन विचारतो की फेन्रिरने ह्या सूर्याचा नाश केल्यावर गुळगुळीत आकाशात दुसरी सूर्य कोठून येणार? उत्तर असे : फेन्रिर गाठण्याआधी ती एका मुलीला जन्म देईल आणि देव मेल्यावर ती मुलगी आईच्या वाटेने जाईल. म्हणजे येथे भक्षक स्कोल नाही, खुद्द फेन्रिर आहे. ‘फेन्रिर’ हा शब्द ह्या ठिकाणी केवळ ‘लांडगा’ अशा सामान्य अर्थाने आला असावा, असे सांगून काही अभ्यासक विसंगती मिटवतात. स्नॉरीने रॅग्नारॉकच्या वर्णनात नावे टाळून ‘एक लांडगा सूर्याला गिळतो, दुसरा चंद्र घेतो’ एवढेच म्हटले, त्यामागे हीच अडचण असू शकते. पहिली घटना लोकांना ‘मोठी हानी’ वाटेल, असे तो लिहितो. सूर्य गेल्यावर एवढाच शेरा देणे ही आइसलँडिक गद्याची खास लकब आहे.

कल्पनेच्या उगमाविषयी मुख्यतः दोन मते आहेत. पहिल्यानुसार लांडगे म्हणजे ग्रहणाचे स्पष्टीकरण. दुसऱ्यानुसार ते प्रतिसूर्य आहेत. विरळ उंच ढगांतील षट्कोनी, चपट्या हिमस्फटिकांतून सूर्यप्रकाश वळला की सूर्याच्या दोन्ही बाजूंना, त्याच्याच उंचीवर, सु. २२ अंशांवर दोन तेजस्वी ठिपके दिसतात. हात पूर्ण लांब करून वीत ताणली तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जवळपास एवढे अंतर भरते. ठिपक्याची सूर्याकडील कड तांबूस असते आणि दुसऱ्या बाजूला पांढरट शेपूट लांबते. सूर्य सरकला की तेही सरकतात : एक नेमका पुढे, एक नेमका मागे. उत्तरेकडे हिवाळ्यात सूर्य दिवसभर क्षितिजाजवळच असल्याने हे दृश्य तेथे नजरेत भरते. आइसलँडिक लोकभाषेत पुढच्या ठिपक्याला ‘गील’ आणि मागच्याला ‘उल्फुर’ म्हणजे लांडगा म्हणतात. लांडगा मागे धावत नसेल तर गील क्वचितच शुभ, अशी हवामानाची म्हणही आहे. दोन्ही दिसले की सूर्य ‘उल्फाक्रेप्पा’त, लांडग्यांच्या कचाट्यात, सापडला असे म्हणत, अडचणीत सापडलेल्या माणसाविषयी हा वाक्प्रचार आजही वापरतात. स्वीडिश व डॅनिशमध्येही प्रतिसूर्याला ‘सूर्य-लांडगा’ ह्या अर्थाचे शब्द आहेत. ‘ग्रिम्निस्माल’मधील मागचा-पुढचा हा तपशील ग्रहणाने उलगडत नाही, प्रतिसूर्याने उलगडतो. गंमत म्हणजे ज्या बेटावर हे सारे लिहून ठेवले गेले, तेथे लांडगा नव्हताच; कोल्हा हाच आइसलँडचा एकमेव मूळचा भूचर सस्तन प्राणी. लांडगा नॉर्वेहून भाषेबरोबर आला.

ग्रहणवादाच्या बाजूने तुलनात्मक पुरावा पुष्कळ आहे, पण तो बहुतेक स्कँडिनेव्हियाबाहेरचा. नवव्या शतकात जर्मनीतील फुल्डा येथील मठाधिपती हराबानुस माउरुस ह्याने एका प्रवचनात लोकांना झापले आहे. चंद्रग्रहणाच्या रात्री रणशिंगे व आरडाओरडा ऐकू आला, काहींनी चंद्राच्या दिशेने बाण व भाले फेकले. विचारले तर म्हणाले, कसले तरी अक्राळविक्राळ प्राणी चंद्राला फाडत होते, त्याला आम्ही मदत केली. आठव्या शतकातील अंधश्रद्धांच्या एका लॅटिन यादीतही ‘चंद्रा, जिंक’ ह्या आरोळीची नोंद आहे. याकोब ग्रिम ह्या जर्मन भाषापंडिताने १८३५ मध्ये अशा नोंदी नॉर्स लांडग्यांशेजारी ठेवल्या आणि तेव्हापासून ग्रहणवाद स्थिर झाला. ‘दे दान, सुटे गिराण’ ही हाक ज्यांनी ऐकली आहे त्यांना हा गलका परका वाटणार नाही. राहूशी तुलना मात्र जपून करावी. राहूला धड नाही. गिळलेला सूर्य गळ्यातून बाहेर येतो, म्हणून ग्रहण सुटते आणि पुन्हा लागते. नॉर्स लांडगा एकदाच गिळतो. सूर्य सुटत नाही, तिची मुलगी कामावर येते. दर काही वर्षांनी घडणाऱ्या घटनेचे हे स्पष्टीकरण म्हणून पुरेसे नाही. नॉर्वेतील स्टिक्लेस्टादच्या लढाईसंबंधी (१०३०) सिग्वात ह्या कवीने, निरभ्र असूनही सूर्य माणसांना ऊब देऊ शकला नाही, असे म्हटले आहे. त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टच्या ग्रहणाशी ह्याचा संबंध जोडला जातो. तेथे लांडग्याचे नावही नाही. अर्थात सिग्वात ख्रिस्ती होता.

अलीकडे तिसरा विचार पुढे आला आहे. इ. स. ५३६ मध्ये झालेल्या मोठ्या ज्वालामुखी उद्रेकानंतर उत्तर गोलार्धात सूर्य मंदावला आणि उन्हाळे गारठले. ‘व्होलुस्पा’तील काळ्या उन्हाळ्यांत त्या आपत्तीची स्मृती असावी, असे बू ग्रेस्लुंड ह्या स्वीडिश पुरातत्त्वज्ञाचे मत आहे. २०२० मध्ये त्याने व पेर होल्मबेर्ग, ओलोफ सुंडक्विस्ट आणि हेन्रिक विल्यम्स ह्यांनी स्वीडनमधील सु. ८०० च्या रोक शिलालेखाचे ह्याच दिशेने वाचन सुचविले : त्यातील कोडी सूर्य आणि तिला गिळणाऱ्या लांडग्याभोवती फिरतात, असा त्यांचा दावा आहे. शिलालेखाचा अर्थ दीडशे वर्षांहून अधिक काळ विवाद्य आहे. हे वाचन मान्य झाले तर लांडग्याचा तो सर्वांत जुना लेखी पुरावा ठरेल.

स्कोल व हाटी ह्यांची पूजा होत असल्याचा पुरावा नाही आणि शिल्पांत त्यांची खात्रीने ओळख पटत नाही. इंग्लंडमधील गॉसफर्थच्या क्रुसावर किंवा स्वीडनमधील लेडबेर्गच्या शिळेवर जे श्वापद दिसते ते फेन्रिर मानले जाते. आज सर्वत्र दिसणारी प्रतिमा, म्हणजे रथांमागे झेपावणारे दोन लांडगे, ही जे. सी. डॉलमन ह्या इंग्रज चित्रकाराच्या १९०९ मधील चित्रापर्यंत जाते. शनीच्या बाह्य, उलट्या दिशेने फिरणाऱ्या लहान उपग्रहांना नॉर्स नावे देण्याच्या प्रथेनुसार २००४ व २००६ मध्ये सापडलेल्या दोन उपग्रहांना अनुक्रमे हाटी आणि स्कोल ही नावे मिळाली आहेत. त्याच गटात फेन्रिर आणि मुंडिलफारीही आहेत.