नाण्यावरचा बैल, तिकिटावरचा गवा : प्राणी-संग्रहाची पार्श्वभूमी

प्राणी-संग्रह म्हणजे प्राण्यांची चित्रं असलेल्या नाण्यांचा आणि टपाल तिकिटांचा संग्रह. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली शिशाची नाणी इथल्या संग्राहकांना वेगळी सांगायला नकोत. एका बाजूला धनुष्यबाण, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि झाड. प्राण्याला त्यांवर जागा नाही. सातवाहनांच्या नाण्यांवर मात्र सोंड उंचावलेला हत्ती आणि सिंह हवे तेवढे आहेत. पुढे विजयनगरच्या होनावर, म्हणजे सोन्याच्या नाण्यावर, गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पक्षी आला, म्हैसूरच्या तांब्याच्या पैशावर हत्ती, इंदूरच्या पैशावर बसलेला नंदी. हे सगळे राजसत्तेच्या नाहीतर दैवताच्या खुणा म्हणून आले.

तिकिटांच्या बाबतीत कोल्हापूर संस्थानाचा वारसा तोकडा आहे. कोर्ट-फी आणि महसुली तिकिटं होती, पण टपालाची स्वतःची तिकिटं संस्थानाने काढली नाहीत. सिरमूर संस्थानाच्या तिकिटांवर हत्ती आणि बुशहर संस्थानाच्या तिकिटांवर वाघ होता, तसं काही आपल्याकडे नाही. त्यामुळे इथल्या अल्बमात पहिली जनावरं दिसतात ती १९३७ च्या डाक मालिकेतली : बैलगाडीचे बैल, टांग्याचा घोडा, उंट. राबणारी जनावरं.

या संग्रहाचा खरा कणा आहे १९४६ ते १९६३ हा काळ. युद्धकाळात चांदीची टंचाई झाली, रुपयातली चांदी आधी निम्म्यावर आली आणि मग निकेलची पावली (पाव रुपया), अधेली (अर्धा रुपया) आणि रुपया निघाला. त्यांच्या काट्यावर वाघ होता. चांदीचे रुपये गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, मोडीत जाऊन वितळले, निकेलच्या वाघाला सराफाकडे तसा भाव नव्हता; म्हणून तो घरोघरच्या कपाटांत टिकला. लोहचुंबकाला चिकटतो, ही त्याची पहिली पारख.

१५ ऑगस्ट १९५० ला प्रजासत्ताकाची पहिली नाणी आली. राजाच्या मुखवट्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष आलं. पैशावर घोडा, अर्धा आणा, एक आणा आणि दोन आण्यांवर बैल. पावली, अधेली आणि रुपयावरून मात्र वाघ उतरला आणि तिथे धान्याची कणसं आली.

इथेच तो जुना वाद उभा राहतो : सिंहशीर्ष हे ‘प्राण्याचं नाणं’ धरायचं की नाही?

धरा म्हणणाऱ्यांकडे मुद्दे आहेत. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि नित्याच्या नाण्यांच्या काट्यावर बराच काळ मुख्यतः आकडेच राहिले. सिंह वगळला तर बैल-घोड्यांनंतरची पानं जवळजवळ कोरी राहतात. १९८६ चा मत्स्यव्यवसायाचा ५० पैशांचा शिक्का सोडला, तर १९८८ मध्ये २५ पैशांवर गेंडा येईपर्यंत हाताला फारसं काही लागत नाही. दुसरा मुद्दा अधिक पक्का आहे. १९५० च्या नाण्यांवरचे घोडा आणि बैल त्याच स्तंभशीर्षाच्या पट्टीवरचे आहेत. पट्टीवरचा बैल अल्बमात बसतो, मग वरचे सिंह बाहेर का?

नको म्हणणाऱ्यांचं उत्तर असं, की सिंहशीर्ष ही राजमुद्रा आहे. ती प्रत्येक नाण्यावर असते. ती धरली तर देशातलं प्रत्येक नाणं प्राण्याचं होईल आणि निवडीला अर्थ उरणार नाही.

माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे, पण एका अपवादासह. बैल आणि घोडा स्तंभावरून उचलून काट्यावर एकटे उभे केले गेले, चित्राचा विषय म्हणून. सिंहशीर्ष नाण्यावर सत्तेची खूण म्हणून आहे. १५ डिसेंबर १९४७ च्या दीड आण्याच्या तिकिटावर मात्र तेच सिंहशीर्ष मुख्य चित्र आहे, आणि ते तिकीट प्राणी-संग्रहात यायलाच हवं. नाण्यांच्या बाबतीत कोरी पानं कोरीच ठेवावीत. त्या वर्षांत आपल्या चलनाने जनावरांकडे पाठ फिरवली होती, हा इतिहास आहे. सिंहांनी जागा भरून तो झाकू नये.

नाण्यांनी पाठ फिरवली तेव्हा तिकिटांनी ती जागा घेतली. १९५१ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शताब्दीला नामशेष झालेल्या हत्तीच्या जातीचं, स्टेगोडॉनचं तिकीट निघालं होतं. १९६२ च्या वन्यजीव सप्ताहात गेंडा आला. १९६३ चा संच मात्र सगळ्यांहून मोठा : गवा, लाल पांडा, हत्ती, वाघ आणि १ रुपयाच्या तिकिटावर सिंह. हा सिंह कुठल्याही स्तंभावरचा नाही, जंगलातला आहे. प्राण्याला त्याच्यासाठीच तिकिटावर जागा मिळू लागली ती इथून.

कोल्हापूरकरांना त्या संचातला गवा जवळचा वाटतो, आणि वाटायलाच हवा. दाजीपूरचं रान ही संस्थानकाळात राजांची शिकारीची जागा होती. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. पाचच वर्षांनी गवा तिकिटावर आला. ज्या गावाने पाळीव चित्त्यांकडून होणारी शिकार आणि साठमारीतल्या हत्तींच्या झुंजी पाहिल्या, तिथल्या अल्बमात हे तिकीट पहिल्या पानावर लावावं असं मला वाटतं.

नंतरची यादी लांब आहे : १९७५ चे पक्षी, १९७६ चे बारशिंगा, सिंह, बिबट्या आणि कॅराकल हे रानमांजर. १९९४ चा पाणपक्ष्यांचा संच शाई पाण्यात विरघळणारी निघाल्यामुळे मागे घेतला गेला. तो मिळाला तर पाण्यात अजिबात भिजवू नये.

गेंड्याचे २५ पैसे २००२ पर्यंत पाडले गेले आणि ३० जून २०११ नंतर चलनातून गेले. त्याआधी २०१० मध्ये देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या अमृतमहोत्सवाची नाणी निघाली होती, त्यांवर वाघ आणि ताडाचं झाड आहे. ही खूण मुळात १८३५ च्या सोन्याच्या मोहरेवरची, तिथे वाघाऐवजी सिंह होता. बँकेने आपल्यासाठी तो बदलून वाघ घेतला. २०१९ च्या चलनी मालिकेत पुन्हा धान्याची कणसं आली आहेत. त्यामुळे आता नव्या नाण्यावर प्राणी हवा असेल, तर टांकसाळीच्या स्मारक नाण्यांच्या घोषणेवर लक्ष ठेवून संच वेळेत नोंदवावा लागतो.