उंदराच्या गाठीची कड नेमकी कुठे?

कर्करोगावरचं नवं औषध माणसापर्यंत येण्याआधी बहुतेक वेळा उंदरांवर तपासलं जातं. उंदराच्या शरीरात गाठ वाढवायची, औषध द्यायचं आणि ठरावीक दिवसांनी पेट (शरीरात सोडलेलं किरणोत्सारी द्रव्य कुठे साठतं ते दाखवणारा) किंवा सीटी स्कॅन काढून गाठ वाढतेय की आटतेय ते पाहायचं. स्कॅनमुळे तोच उंदीर पुन्हा पुन्हा तपासता येतो, दर टप्प्यावर काही उंदीर मारून गाठ काढावी लागत नाही. ही फार मोलाची सोय आहे. पण शोधनिबंधात छापला जाणारा गाठीच्या मापाचा आकडा यंत्र आपोआप देत नाही. कुणीतरी संगणकावर गाठीभोवती रेघ ओढतं, तेव्हा तो येतो.

ती रेघ ओढणं दिसतं तितकं सोपं नाही. पेटच्या प्रतिमेत गाठ मध्यभागी उजळ असते आणि कडेला करडी होत होत विरून जाते. उंदरांसाठीच्या पेट यंत्रांनाही साधारण एक मिलिमीटरच्या आतला तपशील सहसा वेगळा दाखवता येत नाही. आता 6 मिमी व्यासाची गोल गाठ घ्या. तिचं आकारमान भरतं 113 घन मिमी. रेघ सगळीकडून अर्धा मिमी बाहेर गेली तर तेच 180 होतं, अर्धा मिमी आत आली तर 65. गाठ तीच, उंदीरही तोच! माणसाच्या 30 मिमी गाठीत याच अर्ध्या मिलिमीटरने आकारमान जेमतेम दहा टक्के इकडेतिकडे होतं. उंदरात मात्र 180 वरून 113 वर येणं म्हणजे गाठ एक तृतीयांशाहून जास्त आटल्यासारखं दिसतं. औषधाने काहीच केलेलं नसतानाही.

हाताऐवजी सॉफ्टवेअरकडून रेघ काढून घेतली तरी प्रश्न सुटत नाही. कमाल तेजाच्या 40 टक्क्यांवरचा भाग म्हणजे गाठ, असं एक प्रयोगशाळा धरते, दुसरी 50 टक्के धरते. शिवाय ते कमाल तेज बऱ्याचदा एकाच ठिपक्यावरून ठरतं, आणि नेमका तोच ठिपका प्रतिमेतल्या गोंधळामुळे उजळलेला असू शकतो. स्कॅनआधी उंदीर उपाशी होता का, त्याला ऊब मिळाली का, भूल कोणती दिली, यानेही साखरेसारख्या किरणोत्सारी द्रव्याचं शोषण बदलतं. थंडीत उंदराची ऊब निर्माण करणारी तपकिरी चरबीच प्रतिमेत झळकू लागते.

लहान प्राण्यांच्या पेट यंत्रांची कामगिरी कशी तपासावी याचं नेमा या अमेरिकी विद्युत उपकरण उत्पादक संघटनेचं मानक 2008 मध्येच आलं. त्यात उंदराएवढा कृत्रिम नमुना असतो आणि त्यात 1 ते 5 मिमी व्यासाच्या नळ्या. यंत्र कसं तपासायचं ते ठरलं, प्रतिमा कशी वाचायची ते मात्र बरंचसं ज्याच्या त्याच्यावर राहिलं. माझ्या मते खरी उणीव इथे आहे.

ती भरून काढता येते, हे माणसांच्या प्रतिमांवर काम करणाऱ्यांनी दाखवून दिलंय. गाठीचा पोत, आकार, तेजाचा विखुरलेपणा अशी मोजमापं वेगवेगळ्या गटांची सॉफ्टवेअर वेगवेगळी देत होती. म्हणून 25 संशोधक गट एकत्र आले. त्यांनी आधी जेमतेम 80 ठिपक्यांची एक छोटी आभासी प्रतिमा घेतली. तिचं उत्तर कागदावरही पडताळून पाहता येतं. गटांनी आपापल्या सॉफ्टवेअरने तीच प्रतिमा मोजली. सुरुवातीला एकमत कच्चं होतं. सूत्रं आणि पायऱ्या तपासत, दुरुस्त करत शेवटी 174 पैकी 169 मोजमापं प्रमाणित झाली. 2020 मध्ये हे प्रसिद्ध झालं.

उंदरांच्या प्रतिमांसाठी हीच वाट धरायला हवी: सगळ्यांना खुल्या असलेल्या मोजक्या नमुना प्रतिमा, आणि आपली पद्धत वापरण्याआधी त्यांच्यावर तपासून घेण्याची सक्ती. निबंधात तेजाचा उंबरठा (40 टक्के की 50) किती धरला, ठिपक्याचं माप काय, सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती, हे नोंदवलंच पाहिजे. रेघ ओढणाऱ्याला औषध कुठल्या उंदराला दिलंय ते कळता कामा नये. आणि मूळ प्रतिमा जपून ठेवाव्यात, म्हणजे शंका आली तर दुसऱ्या गटाला नवे उंदीर न वापरता त्यांच्यावरच रेघ पुन्हा ओढून पाहता येईल.