जीपच्या चाकोरीतली ट्रॉली

बॅंटम हे नाव आज फारसं कुणाला ठाऊक नाही. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या या छोट्या मोटार कंपनीने १९४० साली अवघ्या ४९ दिवसांत पहिली जीप तयार करून अमेरिकी लष्कराच्या दारात उभी केली. मोठी ऑर्डर मात्र गेली फोर्डकडे आणि विलिसकडे (ज्यांच्या जीपा पुढे महिंद्रांनी मुंबईत जुळवल्या). बॅंटमच्या हाती उरलं काय, तर जीपमागे जोडायची पाव टनी ट्रॉली. ताट गेलं, वाटी राहिली! पण आडवाटांवर अख्खा संसार ओढत नेणाऱ्या आजच्या ऑफ-रोड ट्रेलरचं मूळ शोधायचं तर याच वाटीपाशी यावं लागतं.

ती ट्रॉली दिसायला पत्र्याचा टब, पण विचार करून बांधलेली. चाकं जीपचीच, १६ इंची. त्यामुळे एकच स्टेपनी दोघींना चाले. दोन चाकांमधलं अंतरही जीपएवढंच, म्हणून जीपने चिखलात पाडलेल्या चाकोरीतून ती मुकाट मागे येई. (‘चाकोरीबाहेर’ जायचं कौतुक सांगणाऱ्यांनी भरलेली बैलगाडी एकदा चाकोरीबाहेर काढून बघावी.) सव्वादोनशे किलो माल भरूनही ती पाण्यावर तरंगे, आत शिरलेलं पाणी काढायला तळाला बुचं होती.

युद्धानंतर लष्कराचा हा माल विकायला निघाला. पण असल्या ट्रेलरला खरा मुलूख मिळाला ऑस्ट्रेलियात. तिथे ‘ओव्हरलँडर’ हा शब्द मोटारीहून जुना. जोसेफ हॉडनने १८३८ साली न्यू साउथ वेल्समधून गुरं हाकत ॲडलेड गाठलं. अशा कळपवाल्यांचं ते नाव. पुढे तिथल्याच वूमेरा या लष्करी तळावरच्या रॉकेट चाचण्यांसाठी वाळवंटात रस्ते हवे होते. सर्वेक्षक लेन बीडेलच्या तुकडीने १९५५ ते १९५८ या काळात गनबॅरल हायवे पाडला. नाव हायवे, प्रत्यक्षात मातीची वाट. चाचण्या ओसरल्या, वाटा राहिल्या आणि त्यांवर हौशी प्रवासी आले.

त्यांची अडचण पाण्याची. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, वर डिझेल, तंबू, शिधा. सगळं टपावर चढवलं की गाडी उताराला कलंडायला बघते. म्हणून ओझं मागे जोडलेल्या ट्रेलरच्या चाकांवर गेलं. पण मातीच्या वाटेवर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठतात, आणि त्यांवर शेकडो किलोमीटर खडखडून पाट्यांच्या स्प्रिंगा तुटत. मग प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आलं. गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या साध्या गोळ्याच्या हुकाला वळायची मर्यादा असते. त्याऐवजी तिन्ही दिशांना फिरणारे सांधे आले. माझ्या मते आत झोपायला गादी कशी आहे यापेक्षा हा सांधा कसा आहे हे आधी बघावं. जाहिराती गादीच दाखवतात.

एवढं करूनही वाळूपुढे ट्रेलर नमतोच. सिम्प्सन वाळवंट मोटारीने पहिल्यांदा ओलांडलं ते भूवैज्ञानिक रेग स्प्रिग यांनी, १९६२ साली, सहकुटुंब. वाटेत हजाराहून अधिक वाळूच्या टेकड्या. आज तिथे ट्रेलर आणू नका, असंच तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे लोक सांगतात. मागचं ओझं ओढताना गाडीची चाकं जागीच फिरतात, माथा उकरला जातो आणि मागून येणाऱ्याला तीच टेकडी दुप्पट अवघड होते.