‘कुणाकडं आहे का?’ला उत्तर का येत नाही

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुपारी बाराला कुणीतरी विचारतं, ‘बोअरची मोटर काढायची आहे, चेनपुली कुणाकडं आहे का?’ ग्रुपात चारशे माणसं. संध्याकाळपर्यंत निम्म्यांनी वाचलेलं असतं, उत्तर एकाचंही नसतं. मधल्या वेळात दोन वाढदिवस साजरे होऊन जातात. चेनपुली मात्र गावातच असते. ‘लोकांना माणुसकीच राहिली नाही’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण खरं कारण वेगळं आहे.

जॉन डार्ली आणि बिब लाताने या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंटरकॉमवर बोलणं चालू असताना पलीकडच्या माणसाला फेफरं आल्याचा आवाज ऐकवायचा आणि ऐकणारा काय करतो ते पाहायचं. आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के लोक झटका संपायच्या आत मदत मागायला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं, तेव्हा हेच प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. ती माणसं निर्दय नव्हती. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी उठला असेल. चौघांनी एवढा फरक पडतो, तर चारशेंच्या ग्रुपात काय होणार?

म्हणून ग्रुप मोठा करण्याआधी जबाबदाऱ्या वाटून घ्या. अवजारांची माहिती एकाकडं, बियाणं-चारा दुसऱ्याकडं, दवाखाना आणि रक्त तिसऱ्याकडं. ही नावं ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवायची आणि प्रश्न थेट त्या माणसाला टॅग करून, वेळ घालून विचारायचा: ‘चारपर्यंत सांगा, नाहीतर दुसरीकडं बघतो.’ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात १,०२४ माणसं बसतात, पण कामाच्या ग्रुपाला तेवढी गर्दी लागत नाही. सणाच्या शुभेच्छांसाठी वेगळा ग्रुप ठेवा. त्या बंद करायच्या भानगडीत पडू नका, तो लढा कुणीच जिंकलेला नाही.

दुसरी अडचण संदेशाच्या मजकुरात असते. ‘सोयाबीनचं घरचं बियाणं मिळेल’ एवढं लिहिलं की वीस फोन येतात आणि विसांनाही तेच तेच सांगावं लागतं. त्यापेक्षा असं लिहिलेलं बघा: ‘सोयाबीन, एमएयूएस १५८ वाण, घरचं. १०० पैकी ८२ दाणे उगवले, तपासणी २० मे. ३ क्विंटल, ३० किलोच्या १० गोण्या. १२ जूनपर्यंत. संपलं की इथंच लिहीन.’ एकरी ३० किलो, म्हणजे हेक्टरी ७५ किलो, ही शिफारस किमान ७० टक्के उगवणीच्या बियाण्यासाठी आहे. त्यामुळं ८२ हा आकडा वाचला की घेणाऱ्याला कळतं, एक गोणी म्हणजे एक एकर.

हा आकडा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. ओलं गोणपाट अंथरायचं, पोत्याच्या वरून, मधून आणि खालून घेतलेले १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट घालून गुंडाळी करायची आणि ती सावलीत ठेवून ओल टिकवायची. पाच-सात दिवसांनी उलगडून नीट कोंब आलेले दाणे मोजायचे. चुकतं कुठं, तर लोक निवडून टपोरे दाणे घेतात आणि आकडा फुगतो. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. मळणी जोरात केली किंवा पोती आपटली की दाणा वरून धड दिसतो, पण उगवत नाही. दाण्याच्या फोटोपेक्षा उलगडलेल्या गोणपाटाचा फोटो टाकलेला बरा. आणि २००१ च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं देण्या-विकण्याचा हक्क दिला आहे, मात्र ब्रँडचं नाव लावून विकायला मनाई आहे. तेव्हा कंपनीच्या छापील पिशवीत भरून द्यायचं नाही.

आता मेलेल्या संदेशांकडं वळू. ‘तातडीनं ओ निगेटिव्ह रक्त हवंय’ हा संदेश रुग्ण घरी गेल्यावरही महिनोन्‌महिने फिरत राहतो. यामागं साधी यंत्रणा आहे: संदेश फॉरवर्ड केला की त्यावर फॉरवर्ड केल्याची वेळ दिसते, मुळात तो कधी लिहिला आणि कुणी लिहिला ते गळून पडतं. मूळ माणसानं ‘सर्वांसाठी डिलीट’ केलं तरी पुढं गेलेल्या प्रती तशाच राहतात. प्रत्येकानं पाच ठिकाणी पाठवला तर सहाव्या टप्प्याला १५,६२५ प्रती होतात. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, ती मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवांतून माणसं मारली गेल्यानंतर. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांचा जीव गेला होता.

त्यामुळं तारीख आणि मुदत मजकुरातच लिहायची. रक्ताच्या संदेशात रुग्णालय, रक्तपेढी, रक्तगट, लाल पेशी हव्यात की प्लेटलेट, किती पिशव्या, आणि ‘१४ तारखेच्या रात्री १० नंतर हा संदेश पुढं पाठवू नका’ हे वाक्य हवंच. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, लाल पेशी योग्य द्रावणात ४२ दिवसांपर्यंत. म्हणून प्लेटलेटसाठी दाता ऐनवेळी शोधावा लागतो, लाल पेशी बऱ्याचदा साठ्यात मिळतात. ग्रुपवर टाकण्याआधी ई-रक्तकोश या सरकारी पोर्टलवर जवळच्या रक्तपेढीचा साठा बघायचा आणि तिथं फोन करून खात्री करायची. पोर्टलवरचा आकडाही शिळा असू शकतो.

रक्तदात्यांच्या यादीत एक रकाना बहुतेक गावं विसरतात: शेवटचं रक्तदान कधी केलं. दोन रक्तदानांत पुरुषांना ९० दिवसांचं आणि स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर लागतं. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या शिबिरात गावातल्या साठ पोरांनी एकदम रक्त दिलं, तर २० मेपर्यंत त्यातला एकही उपलब्ध नाही. नेमक्या त्याच उन्हाळ्यात कॉलेजांना सुट्ट्या असतात आणि रक्तपेढ्या रिकाम्या पडतात. शिबिर जरूर घ्या, पण वीसेक जणांना राखीव ठेवा, त्यांनी एप्रिल-मेमध्ये द्यायचं.

शिबिरात दिसतो तोच घोटाळा अवजारांच्या वाटपातही होतो, आणि माझ्या मते गावोगावच्या ‘अवजार बँका’ अडखळण्याचं मोठं कारण हेच. वाटून घेणं तेव्हाच जमतं, जेव्हा गरजा एकाच वेळी येत नाहीत. चेनपुली चारशे घरांना पुरते, कारण चारशे मोटरी एका दिवशी जळत नाहीत. रुंद वरंबा-सरी पाडत पेरणाऱ्या बीबीएफ यंत्राचं तसं नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन काळ्या रानात वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की सगळ्या शिवाराला त्याच चार दिवसांत पेरायचं असतं. एक यंत्र दिवसाला दहा एकर करतं असं धरलं, तरी चार दिवसांत चाळीस एकर. एकेचाळिसाव्या एकराचा मालक पारंपरिक तिफणीकडं वळतो आणि ग्रुपवर भांडण लागतं. गावातल्या गावात ग्रुप कितीही चांगला चालवला तरी हे गणित बदलत नाही.

मराठवाड्याचा जूनचा पाऊस मात्र एकसारखा पडत नाही. एका महसूल मंडळात अतिवृष्टी, म्हणजे दिवसात ६५ मिलिमीटरहून जास्त, आणि पंधरा-वीस किलोमीटरवरच्या मंडळात धूळ, हे सेलू-जिंतूरकडं काय किंवा अहमदपूर-लोह्याकडं काय, नवं नाही. त्या दोन गावांचा वापसा आठ-दहा दिवसांच्या अंतरानं येतो. तेव्हा जोडायची ती अशी गावं. यंत्र ट्रॅक्टरमागं लावून नेलं तर वीस किलोमीटरला तासभर लागतो. डिझेल कुणाचं, फण वाकला तर कुणी भरायचं, हे हंगामाआधी लिहून ठेवा. कुणाकडं किती पाऊस झाला, हे दोन्ही गावांनी रोज सकाळी ८:३० ला मोजून टाकावं, हवामान खात्याची वेळही तीच. सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा झाडापासून लांब, उघड्यावर ठेवला की पाण्याची खोली म्हणजेच मिलिमीटरमधला पाऊस. निमुळती बाटली चालत नाही.

दोन गावं जोडतो कोण? सरपंच सरपंचाला फोन करतात, पण रोजची ये-जा वेगळ्याच माणसांची असते: दूध संकलनाची गाडी चालवणारा, दोन गावांची जबाबदारी असलेला सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक), शेजारच्या तालुक्यात दिलेली लेक. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली दाखवलं, की ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना ती बहुधा जिवलगांकडून मिळाली नव्हती. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळली होती. जिवलगांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. २०२२ साली लिंक्डइन या नोकरी-धंद्याच्या ओळखींच्या संकेतस्थळाच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवरच्या अभ्यासात हेच थोडं सुधारून पुढं आलं: फार घट्ट नाही आणि अगदीच तोंडओळखही नाही, अशा मधल्या ओळखी सर्वांत कामाच्या ठरल्या. दुधाच्या गाडीवाल्याला दोन्ही गावांच्या अवजार ग्रुपात घ्या, त्याचा एक संदेश शंभर फॉरवर्डना भारी पडेल.

याद्या गुगल शीटमध्ये ठेवा, पण बदल करण्याची परवानगी दोघा-तिघांनाच, बाकीच्यांना फक्त बघण्याची. फोन नंबर, विशेषतः बायका-मुलींचे, उघड्या यादीत नकोत. संपर्क जबाबदार माणसामार्फत. आणि ‘शेवटची खात्री’ हा तारखेचा रकाना ठेवाच. महिन्याला दहातली एक नोंद शिळी होत असेल, तर सहा महिन्यांत जेमतेम निम्मी यादी खरी उरते.

शेवटी रेंज. समोरच्याचा डेटा बंद असला की व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक राहते. संदेश सर्व्हरवर ३० दिवस थांबतो आणि मग मिटतो. वादळानंतर वीज गेली, टॉवर अर्धामुर्धा चालला, तर इंटरनेटआधी साधा एसएमएस पोचण्याची शक्यता जास्त. त्यासाठी दहा-बारा महत्त्वाचे नंबर फोनमध्येच ठेवा. रोमनमध्ये एका एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीत ७०, आणि काना, मात्रा, अनुस्वार, पायमोड सगळं वेगळं मोजलं जातं. ‘यंत्र’ दिसायला दोन अक्षरं, खर्च पाच. ‘बीबीएफ यंत्र मोकळं. बुधवार सकाळ. ५ वाजेपर्यंत कळवा.’ हा मजकूर मोकळ्या जागा धरून ५१ भरतो, म्हणजे एकात बसतो. सत्तरी ओलांडली की फोन त्याचे ६७-६७ चे तुकडे करतो, प्रत्येक तुकडा वेगळा एसएमएस धरला जातो, आणि कमकुवत रेंजमध्ये नेमका वेळेचा तुकडा मागं राहू शकतो.