आयडी काढायला लूप स्लो पडतो म्हणे!

रत्नागिरी-देवगडकडे आंब्याच्या ऑर्डरी सांभाळणारी छोटी सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या पोरांत एक गोष्ट कधीपासून फिरतेय, की क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, रिझल्टमधून फक्त आयडी (ऑर्डरींचे नंबर) हवे असतील तर पायथॉनचा फॉर लूप मार खातो, म्हणून मॅप (प्रत्येक ओळीवर एक फंक्शन चालवणारा) आणि लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) लावा. अहो, लूपचा काय दोष! मॅपला लॅम्डा दिलात की प्रत्येक ओळीमागे एक फंक्शन कॉल वाढतो, म्हणजे बऱ्याचदा लिस्ट कॉम्प्रिहेन्शनपेक्षा (एका ओळीत लिहिलेल्या लूपपेक्षा) हळूच.

खरा वेळ आधीच गेलेला असतो. जँगोत (पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) सगळ्या ऑर्डरी मागवून लूप फिरवलात की गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, पेट्यांचा हिशेब, शेरा असे सगळे कॉलम डेटाबेसमधून येतात, वर प्रत्येक ओळीचं मॉडेल ऑब्जेक्ट बनतं, आणि तुम्ही त्यातला एक आकडा उचलून बाकीचं टाकून देता. एका पेटीवरचा नंबर वाचायला अख्खा टेम्पो उतरवून घेतल्यासारखं. त्यापेक्षा जँगोच्या व्हॅल्यूज लिस्टला (values_list) आयडी सांगा आणि फ्लॅट ट्रू (flat=True) करा, सिलेक्टमध्ये, म्हणजे डेटाबेसकडच्या मागणीत, एकच कॉलम जातो. फ्लॅट विसरलात तर एकेका आकड्याचे टपल (कंसात बांधलेले छोटे गठ्ठे) हातात येतात, मग ते सोडवत बसा.

आणि ते आयडी लगेच दुसऱ्या क्वेरीच्या इनमध्येच (‘यांपैकी एक’ या अटीत) घालायचे असतील तर लिस्ट करूच नका, क्वेरीसेट (जँगोतली अजून न चालवलेली क्वेरी) तसाच द्या, जँगो सबक्वेरी, म्हणजे क्वेरीच्या पोटातली क्वेरी, बनवतो. लिस्ट दिलीत तर तिच्यातला प्रत्येक आयडी क्वेरीत एक व्हेरिएबल खातो, आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या ३.३२ च्या आधीच्या व्हर्जनांत एका क्वेरीत डीफॉल्टने ९९९ च व्हेरिएबल चालायचे, ऐन सीझनमध्ये लिस्ट त्याच्यावर गेली की एरर ठरलेला.